घातलेले कोडे आणि पडलेले कोडे

आपल्या भाषेत कोडे घालतातही आणि कोडे पडतेही. ही दोन क्रियापदे आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यांतील अंतराकडे सहसा आपले लक्ष जात नाही. घातलेल्या कोड्यास घालणारा असतो आणि त्यास उत्तर ठाऊक असते. पडलेल्या कोड्यास कर्ता नसतो. ते ज्याच्यावर पडते त्याच्या शेजारी बसलेल्यालाही त्याचे उत्तर ठाऊक असेलच असे नाही. या अंतरातून एक नैतिक प्रश्न उद्भवतो, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. ज्यास उत्तर ठाऊक आहे त्याने ते केव्हा सांगावे, आणि केव्हा सांगू नये? प्रश्न क्षुल्लक दिसेल. गेल्या पावसाळ्यात एका मुलाने आमच्यासमोर आपली वही मिटली, तोपर्यंत आम्हांसही तो तसाच दिसत होता.

दिल्लीस बदलून आल्याला आम्हांस आता नऊ वर्षे झाली. सरकारी वसाहतीत शनिवारी सायंकाळी आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर पाचसहा माणसे जमतात. त्यांत दोन मराठी कुटुंबे, एक तंजावरकडचे गृहस्थ, एक बंगाली बाबू आणि एक गढवाली तरुण. महागाई भत्ता, बदल्या आणि मुलांच्या परीक्षा हे विषय संपले की कोणीतरी कोडे घालतो. आमच्याकडे कोडे किंवा जुन्या अर्थाने उखाणा, गोव्याकडे हुमाण, हिंदीत पहेली, बंगालीत धाँधा. नावे निराळी, पण ते घालताना चेहऱ्यावर येणारे मिस्कील गांभीर्य सर्वत्र एकच. शब्दांच्या श्लेषावर उभी असलेली कोडी मात्र भाषेची वेस ओलांडताना मरतात, आणि वस्तूंची कोडी तरली तरी सर्वांस सारखी मानवत नाहीत. उंचावर टांगलेल्या, विहिरीवाचूनच्या पाण्याचे कोडे आम्ही एकदा घातले. तंजावरकरांनी ते पुरे होण्याआधीच ‘नारळ’ असे उत्तर दिले, कारण त्यांच्या आजीने त्यांना तेच घातले होते. गढवालचा तरुण मात्र हिरमुसला. त्याच्या गावी नारळ पोचतो तो देवळात, सोललेला आणि पाणी आटत आलेला. नारळाचे झाड त्याने प्रथम पाहिले ते विसाव्या वर्षी, मुंबईस. त्या कोड्यात त्याच्यावर अन्यायच झाला होता.

आकड्यांच्या कोड्यांना ही अडचण नाही. देवळालीच्या शाळेतील शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये दाखविलेला ६१७४ चा चमत्कार आम्ही या गच्चीवर कितीदा तरी करून दाखविला असेल. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, त्यांतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या बाकीवर पुन्हा तेच करावे. १९६२ घेतल्यास ९६२१ मधून १२६९ गेले, उरले ८३५२. ८५३२ मधून २३५८ गेले, उरले ६१७४. तेथून पुढे हालचाल नाही. कोणतीही संख्या सात पायऱ्यांच्या आत त्याच ठिकाणी येऊन थांबते. बंगाली बाबू आपल्या जन्मसालापासून नातवाच्या जन्मसालापर्यंत सर्व आकडे घालून पाहत बसले. कोणी कोणास काही समजावून सांगितले नाही.

उलट एका शनिवारी एका पाहुण्याने कोडे ऐकताच खिशातून मोबाईल काढला आणि अर्ध्या मिनिटात उत्तर वाचून दाखविले. उत्तर अचूक होते. त्यानंतर मंडळी लवकरच उठली.

सामान्यतः प्रश्न अज्ञानातून येतो. गाडी किती वाजता सुटते हे ज्यास ठाऊक नसते तोच विचारतो. कोड्याचा प्रश्न ज्ञानातून येतो. ठाऊक असूनही विचारणारी माणसे आणखी आहेत: परीक्षक, उलटतपासणी करणारा वकील, आणि कधीकधी आपले वरिष्ठ. हे सर्व विचारताना वरच्या आसनावर बसलेले असतात. कोडे घालणाराही तेवढ्यापुरता वरच बसतो, पण दोन गोष्टींमुळे त्याचे वर बसणे आपण सहन करतो. एक, समोरचा आपण होऊन खेळात उतरलेला असतो. दुसरी, लपविलेले सापडावे अशी लपविणाऱ्याचीच इच्छा असते. ज्याचे कोडे कधीच कोणास सुटत नाही त्याच्याजवळ दुसऱ्या शनिवारी कोणी बसत नाही. शिवाय ‘हरलो’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार सोडविणाऱ्याचा आहे. तो उच्चारला जाईपर्यंत उत्तर सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या वतीने हार कबूल करणे होय.

वेताळाच्या कथांत यासंबंधी एक कडक कायदा आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात त्या कथा गुंफल्या. लोकांच्या तोंडी राजाचे नाव विक्रम, सोमदेवाच्या ग्रंथात त्रिविक्रमसेन. खांद्यावरचे प्रेत गोष्ट सांगते आणि शेवटी प्रश्न विचारते. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल, आणि तो बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लटकेल. लहानपणी आम्हांस यातील दुसरी अट दुष्ट वाटे. आता पहिली अट अधिक विचार करावयास लावते. ठाऊक असेल तर बोललेच पाहिजे, त्यास अपवाद नाही. पण हा कायदा आहे तो विचारले गेलेल्यासाठी. विचारणाऱ्यासाठी, म्हणजे वेताळासाठी, कोणी कायदा केलेला नाही. आमची चूक झाली ती नेमकी तेथे.

१९१४ च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ या इंग्रजी मासिकात एक कोडे आले होते. केंब्रिज येथे असलेल्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी ते थोड्या प्रयत्नाने सोडविले आणि आपले मित्र रामानुजन यांस वाचून दाखविले. रामानुजन त्या वेळी शेगडीवर भाजी परतीत होते. कोडे असे: एका रस्त्यावर घरांना एक, दोन, तीन असे ओळीने क्रमांक दिले आहेत. एका घराच्या डावीकडील सर्व क्रमांकांची बेरीज उजवीकडील सर्व क्रमांकांच्या बेरजेइतकीच आहे. घरे पन्नासांहून अधिक पण पाचशेंहून कमी आहेत. तर ते घर कितवे आणि रस्त्यावर घरे किती? रामानुजन यांनी परतणे न थांबविता एक असा अपूर्णांक सांगितला की ज्याच्या पायरीपायरीतून या एका रस्त्याचेच काय, अशा सर्व रस्त्यांचे उत्तर निघावे. विचारलेल्या रस्त्याचे उत्तर होते २८८ घरांत २०४ वे घर.

हे कोडे आम्ही गच्चीवर घातले, अर्थात उत्तर न सांगता. आमच्या अमरावतीकडच्या सहकाऱ्यांचा मुलगा, अकरावीत शिकणारा, कोपऱ्यात बसला होता. त्याने ते उतरवून घेतले. तीन आठवड्यांनी रविवारच्या दुपारी तो एकटाच शंभर पानी वही घेऊन आला. त्याने २०४ काढले होते, आणि तेथे तो थांबला नव्हता. पन्नासांची अट सोडून दिली तर आठ घरांत सहावे घर चालते, हे त्याने पाहिले होते: एक ते पाच यांची बेरीज पंधरा, सात आणि आठ यांचीही पंधरा. एकोणपन्नास घरांत पस्तिसावेही चालते, दोन्ही बाजूंस ५९५. वहीच्या मधल्या पानावर त्याने ठळक लिहिले होते: ६, ३५, २०४, आणि पुढे प्रश्नचिन्ह. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “काका, यांत काहीतरी आहे. मला दिसतंय असं वाटतं, पण धरता येत नाही.”

आम्ही म्हणालो, “सोपं आहे. शेवटच्याची सहापट कर आणि त्याच्या आधीचा वजा कर.”

त्याने करून पाहिले. पस्तिसाच्या सहापटीतून सहा गेले, २०४. दोनशे चारच्या सहापटीतून पस्तीस गेले, ११८९; घरे १६८१. जुळले. “हो, बरोबर आहे,” असे म्हणून त्याने वही मिटली, आलेला चहा निमूटपणे घेतला, “येतो काका” म्हणाला आणि गेला. त्यानंतरही तो गच्चीवर येई, पण वही आणीत नसे.

या प्रसंगात आमच्या हातून एक नव्हे, दोन गोष्टी घडल्या. तो नियम आम्ही शोधलेला नव्हता, एका पुस्तकात वाचलेला होता. मुलाचा समज मात्र असा झाला की काकांना तो पाहताक्षणीच दिसला, आणि तो समज आम्ही दूर केला नाही. खरे सांगावयाचे तर तो आम्हांस सुखावह वाटला. तीन आठवडे चालून जो उंबरठ्यापर्यंत आला होता त्याच्या आधी आम्ही आत शिरलो, तेही दुसऱ्याच्या किल्लीने.

एका मित्राजवळ हे बोललो तेव्हा तो हसला. म्हणाला, “ज्ञान दिलंत, त्यात पाप कसलं? प्रत्येकाने सगळं स्वतःच शोधायचं ठरवलं तर शाळा बंद कराव्या लागतील.” हे म्हणणे खोडून काढता येण्याजोगे नाही. पण यासंबंधी ब्रह्मगुप्ताची एक रीत आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ६२८ मध्ये लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात त्याने त्या मुलाच्या रस्त्याशी सगोत्र असलेल्या समीकरणांचे प्रश्न घातले, आणि जो एका वर्षाच्या आत सोडवील तो खरा गणक असे म्हटले. त्याच कुळातील, एकसष्ट या आकड्याचे, एक समीकरण ११५० मध्ये भास्कराचार्यांनी सोडविले. त्याच्या सर्वांत लहान उत्तरातील मोठी संख्याच १७६६३१९०४९ इतकी आहे. पुढे १६५७ मध्ये फ्रान्समधील फेर्मा याने नेमके हेच समीकरण आव्हान म्हणून घातले, आणि युरोपातील गणिती त्या प्रश्नांमागे लागले. भास्कराचार्यांचे बीजगणित त्यांच्यापर्यंत पोचलेले नव्हते. ते पोचले असते तर त्यांचे हित झाले असते की नुकसान, हे आम्ही ठरवू शकत नाही. तेथे उत्तर कोणी दडविले नव्हते, मध्ये समुद्र होता. पण ब्रह्मगुप्ताने प्रश्नाबरोबर वर्षाची मुदतही दिली होती. आम्ही त्या मुलास तीन आठवडे दिले आणि उरलेले वर्ष काढून घेतले.

यावरून उत्तर सांगणे वाईट आणि गप्प राहणे चांगले असा निष्कर्ष कोणी काढील, तर त्यास आम्ही दुसरी एक हकीकत सांगू. ती सांगण्यात आम्हांस आनंद नाही. दिल्लीस येण्यापूर्वी आम्ही ज्या कचेरीत होतो तेथे एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकरण आले होते. कागद चार वेळा परत गेले. पहिल्या खेपेस एका प्रमाणपत्राची उणीव, दुसऱ्या खेपेस नावाच्या लेखनातील फरक, आणि असेच पुढे. चारही उणिवा पहिल्या दिवशीच हाताळणाऱ्या बाबूंच्या ध्यानात आल्या होत्या. एका वेळी एकच का कळविता, असे कोणी विचारले तेव्हा ते म्हणाले, “नियम छापलेले आहेत, वाचावेत.” त्या बाई दर खेपेस बसने दोन तास प्रवास करून येत आणि बाकावर बसून राहत. हेही कोडे घालणेच होते. फरक एवढाच की त्या खेळावयास बसल्या नव्हत्या, आणि ‘हरलो’ म्हणून उठून जाण्याची त्यांना सोय नव्हती. आमचे टेबल त्या बाबूंच्या शेजारचे. उरलेल्या तीन उणिवा आम्हांसही ठाऊक होत्या. ती फाईल आमच्याकडची नव्हती, एवढ्यावर आम्ही मनाची समजूत घातली. वेताळाचा कायदा त्या कचेरीत लागू असता तर त्या दिवशी एक नव्हे, दोन मस्तके फुटली असती.

एका ठिकाणी बोलावयास हवे होते तेथे आम्ही गप्प बसलो, आणि दुसऱ्या ठिकाणी गप्प राहावयाचे तेथे बोललो. दोन्ही वेळी आम्हांस ठाऊक असलेली गोष्ट तशी लहानच होती, एक नियम. तेव्हा उत्तर किती मोठे यावर काही ठरत नसावे. समोरच्याचे न-कळणे हे त्याने आपण होऊन पत्करलेले श्रम आहेत की त्याच्यावर लादलेला भुर्दंड आहे, हे पाहावे लागते. आणि हे टेबलाच्या या बाजूने नेहमीच दिसते असे नाही. त्यासाठी मान वर करून बाकाकडे पाहावे लागते.

पडलेल्या कोड्यांची गोष्ट निराळी. गेल्या हिवाळ्यात तंजावरकरांनी गच्चीवर एक विरोधाभास मांडला. साहेब शुक्रवारी सांगतात, “पुढल्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार यांपैकी एके दिवशी मी तपासणी करीन, पण त्या दिवशी सकाळी ती आजच आहे हे तुम्हांस कळलेले नसेल.” कारकून विचार करतो. शुक्रवारी तपासणी होणे शक्य नाही, कारण गुरुवारची संध्याकाळ कोरडी गेली की शुक्रवार उरला हे कळेलच. शुक्रवार गेला, तर त्याच न्यायाने गुरुवारही गेला. मग बुधवार, मंगळवार, सोमवार. म्हणजे तपासणी होऊच शकत नाही. कारकून निश्चिंत होतो, आणि बुधवारी अकरा वाजता साहेब दारात उभे. कोणास कळले नव्हते. साहेबांचा शब्द अक्षरशः खरा ठरला. मग कारकुनाच्या तर्कात चूक कोठे? १९४८ मध्ये ‘माइंड’ या इंग्रजी नियतकालिकात याच जातीचे कोडे प्रथम छापले गेले तेव्हा लेखकाचे मत असे होते की तसे घडूच शकत नाही. १९५१ मध्ये स्क्रिव्हन यांनी त्याच नियतकालिकात दाखवून दिले की ते घडते, आणि खरी गंमत तीच आहे. तेव्हापासून यावर पुष्कळ लिहिले गेले, पण सर्वांस मान्य असा उलगडा झालेला नाही.

त्या रात्री गच्चीवर वरचे आसन रिकामे होते. मंडळीत एक निवृत्त अवर सचिव होते, आणि आमच्याच विभागात नुकताच लागलेला एक शिपाईही होता. बराच वेळ कोणी काही बोलेना. मग तो शिपाई संकोचाने म्हणाला, “पण साहेब, गुरुवारी रात्री त्या बाबूला कळलं तरी काय? साहेब उद्या येतील तर ‘कळणार नाही’ हे खोटं, येणार नाहीत तर ‘येईन’ हे खोटं. म्हणजे साहेबांचा शब्दच पक्का राहिला नाही. मग उद्या ते येतीलच, हे कशाच्या जोरावर म्हणायचं?” अवर सचिवांनी चष्मा काढून ठेवला. या विचाराशी फार जवळचा विचार क्वाइन या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये मांडला आहे, हे आम्हांस ठाऊक होते. नाव ओठांवर आले होते. वहीची आठवण झाली आणि आम्ही गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्या शिपायास बोलावून सांगितले की तू काल जे म्हणालास तेच एका मोठ्या पंडिताने लिहून ठेवले आहे. त्याने नाव दोनदा विचारले आणि खिशातल्या डायरीत लिहून घेतले. तेच नाव आदल्या रात्री उच्चारले असते तर त्याचे वाक्य अर्ध्यावरच राहिले असते.

दुसऱ्यास कोडे कळविण्याचा सर्वांत अवघड प्रसंग बहुधा बर्ट्रांड रसेल यांच्यावर आला असावा. १९०२ साली ते तीस वर्षांचे होते. जर्मनीतील फ्रेगे त्रेपन्न वर्षांचे. सारे अंकगणित तर्कावर उभारण्यात त्यांचे आयुष्य गेले होते, आणि त्यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात होता. त्या पायाशीच रसेल यांस एक विसंगती आढळली. ती आम्ही कारकून मंडळी आपल्या पद्धतीने अशी मांडू: कचेरीतील ज्या नोंदवह्यांत स्वतःची नोंद नाही, केवळ अशाच सर्व नोंदवह्यांची एक नोंदवही करावी. आता या नव्या वहीची नोंद तिच्यात करावी काय? केली तर ती तेथे असता कामा नये, आणि न केली तर ती तेथे असलीच पाहिजे. रसेल यांनी १६ जूनला फ्रेगे यांस पत्र लिहिले, अत्यंत आदराने, पण काही न लपविता. २२ जूनला फ्रेगे यांचे उत्तर निघाले. आपण हादरून गेलो असल्याचे त्यांनी मोकळेपणाने लिहिले, आणि या शोधातून तर्कशास्त्राची मोठी प्रगती होईल असेही. १९०३ मध्ये तो खंड बाहेर पडला तेव्हा शेवटी त्या विसंगतीसंबंधी परिशिष्ट जोडलेले होते. साठ वर्षांनंतर, १९६२ मध्ये, रसेल यांनी लिहिले की सत्यनिष्ठेची याच्या तोडीची दुसरी गोष्ट आपणांस ठाऊक नाही.

ग्रंथ छापून होईपर्यंत रसेल यांनी थांबावयास हवे होते, असे म्हणणारा दयाळू मनुष्य आम्ही पाहिला आहे. आम्हांस तसे वाटत नाही. शोधणाऱ्याच्या वाटेवरचे उत्तर त्याच्यासाठी राखून ठेवावे, पण त्याच्या पायाखालची भेग दिसल्यावर ती राखून ठेवण्याचा अधिकार कोणास नाही. न कळविलेल्या प्रत्येक दिवशी तो तिच्यावर आणखी एक वीट ठेवीत असतो.

आमच्या अमरावतीकडच्या सहकाऱ्यांची जानेवारीत गुवाहाटीस बदली झाली आणि मुलगाही गेला. निरोपाच्या गडबडीत बोलणे झाले नाही. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही त्यास पत्र टाकले. सहापटीचा नियम आम्ही शोधलेला नसून पुस्तकात वाचला होता, हे त्यात प्रथम लिहिले. मग लिहिले की सहापटच का, पाचपट किंवा सातपट का नाही, हे त्या पुस्तकात सांगितलेले नव्हते आणि आम्हांस आजतागायत उमगलेले नाही. त्यास काही सुचले तर कळवावे. पुढे पत्ता आणि घरच्या सर्वांस नमस्कार.

अजून उत्तर आलेले नाही. वार्षिक परीक्षा चालू असेल.